गाडी करा!

माळव्यातल्या मराठी घरांत वर्षानुवर्षे एक उत्तर तयार ठेवलेले असते. दिवाळीच्या सुट्टीत किंवा श्रावणात, डोंगर हिरवे झाले की पुण्या-मुंबईकडचा एखादा भाचा किंवा पुतण्या फोन करतो आणि विचारतो, "काका, इंदूरच्या विमानतळावर उतरलो की मांडवगडाला कसं जायचं हो?" घर धारचे असो, देवासचे असो, इंदूरचे असो की आमच्या उदयनगरचे, काका, मामा, आत्या, मावशी सगळे एकाच सुरात सांगतात, "गाडी करा!"

या दोन शब्दांवर माझा राग आहे आणि तो का आहे हे जरा विस्ताराने सांगायचे आहे. 'गाडी करा' हे उत्तर नव्हेच. ती प्रश्न टाळण्याची सोय आहे. ज्याला गाडी करणे सहज परवडते तो वाट विचारत बसत नाही. विचारतो तो, ज्याच्या मनात हिशेब चालू असतो. घरची चार माणसे, त्यांत एक म्हातारी आई, एक शाळकरी मुलगी, आणि जाऊन-येऊन दोनशे किलोमीटरसाठी मोजावे लागणारे काही हजार रुपये. त्याला आपण सांगतो, गाडी करा. म्हणजेच, परवडत नसेल तर मांडवगड पाहू नका.

आता प्रत्यक्ष वाट कशी आहे ते पाहा. इंदूरचा विमानतळ शहराच्या पश्चिम अंगाला, बिजासन मातेच्या टेकडीलगत आहे. धारही इंदूरच्या पश्चिमेलाच. बेटमा, घाटाबिल्लोद, लेबड ही गावे घेत धार साठ-पासष्ट किलोमीटरवर येते आणि तिथून मांडवगड पस्तीसेक किलोमीटर. सगळे मिळून शंभराच्या आत-बाहेर. रस्ता चांगला आहे. मध्ये समुद्र नाही, हिमालय नाही. पण ज्याला बसनेच जायचे आहे त्याने काय करायचे? आधी रिक्षा करून उलटे शहराकडे, गंगवाल बसस्थानकावर यायचे. तिथे धारकडे जाणाऱ्या खाजगी गाड्या उभ्या असतात. गाडी केव्हा सुटेल हे घड्याळाला नव्हे, कंडक्टरला विचारायचे. धारला उतरून पुन्हा मांडवगडाची गाडी शोधायची. आणि गडावर पोचल्यावर जहाजमहालाच्या गच्चीवर उभे राहून तलावाकडे पाहायचे सोडून मनात एकच घोर, शेवटची गाडी गेली तर? विमानतळाच्या दारातून थेट मांडवगडाला नेणारी, वेळापत्रकाची पाटी लावून उभी असलेली बस मला तरी आजवर दिसलेली नाही.

हा विमानतळ काही आडगावचा नाही. मध्य प्रदेशातला तो सर्वांत गजबजलेला. वर्षाला तीस लाखांहून अधिक माणसे इथून ये-जा करतात. २०१९ च्या जुलैत इथून दुबईचे विमानही सुटले. आणि मांडवगड काही कुणाला ठाऊक नसलेला पडका वाडा नाही. युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत तो १९९८ पासून आहे. माळव्याच्या सुलतानांची ती राजधानी. होशंगशाहाची संगमरवरी कबर इथे आहे, घियासुद्दीन खलजीचा जहाजमहाल इथे आहे. जहांगीर बादशहा १६१७ मध्ये इथे मुक्कामाला होता आणि इंग्रजांचा वकील थॉमस रो त्याच्या मागोमाग येऊन राहिला होता. एवढी मोठी दोन टोके, आणि मधल्या शंभर किलोमीटरची जबाबदारी कोणाची? कोणाचीच नाही. म्हणून ती पाहुण्याच्या खिशावर.

* * *

या विमानतळाचे नाव आहे देवी अहिल्याबाई होळकर विमानतळ. आम्हा मराठी मंडळींची छाती त्या नावाने फुगते आणि फुगावीही. पण त्या बाईने आयुष्यभर केले काय? १७६७ ते १७९५ या काळात महेश्वरी बसून तिने राज्य केले आणि काशीपासून गयेपर्यंत, सोमनाथापासून रामेश्वरापर्यंत घाट, विहिरी, धर्मशाळा, अन्नछत्रे उभी केली. कोणासाठी? पालखीत बसून जाणाऱ्यांसाठी धर्मशाळा लागत नाही, त्यांचे तंबू सोबत असतात. धर्मशाळा लागते ती पायी चालणाऱ्याला. वाटेवरची विहीर लागते ती ज्याच्यामागे पखालवाला नाही त्याला. अहिल्याबाईचे सारे कर्तृत्व हे गाडी न करू शकणाऱ्या माणसासाठी होते. आणि तिच्याच नावाच्या दारातून बाहेर पडलेल्या साध्या माणसाला आपण भाड्याच्या गाड्यांच्या रांगेपुढे उभे करतो. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, ही म्हण इथे जितकी चपखल बसते तितकी क्वचितच कुठे बसेल.

३१ मे २०२५ रोजी अहिल्याबाईंच्या जन्माला तीनशे वर्षे झाली. त्याच दिवशी इंदूरच्या मेट्रोचा पहिला टप्पा सुरू झाला, गांधीनगर ते सुपर कॉरिडॉर, जेमतेम सहा किलोमीटरचा. मेट्रोला माझा विरोध नाही. शहर वाढले की तिची गरज पडतेच. पण सहा किलोमीटरच्या रुळांसाठी जे डोके आणि जो पैसा लागला, त्याच्या एका कणात धार-मांडवगडच्या चार बसगाड्या सहज चालल्या असत्या. त्यांचे उद्घाटन मात्र झाले नाही, कारण बसगाडीच्या उद्घाटनाला छायाचित्र शोभून दिसत नाही.

हे असे का झाले, याचे उत्तर फार गूढ नाही. १९६२ मध्ये मध्य प्रदेश राज्य परिवहन निगम स्थापन झाले. आपण तिला 'रोडवेज' म्हणत असू. खिळखिळी, धुरकट, खिडक्या न लागणारी का होईना, पण ती ठरलेल्या गावाला जात असे. प्रवासी चार असोत वा चाळीस. पुढे तोटा, कर्ज, गैरकारभार यांच्या ओझ्याखाली ती दबली. २००५ मध्ये निगम बंद करण्याचा निर्णय झाला आणि पुढच्या काही वर्षांत उरल्यासुरल्या गाड्याही थांबल्या. रोग्याला औषध देण्याऐवजी खाटच उचलली. तेव्हापासून एवढ्या विस्तीर्ण राज्यात सरकारी एस.टी. म्हणून काही उरले नाही. खाजगी मालकाला मी दोष देणार नाही. तो धंदा करतो, जिथे गिऱ्हाईक तिथे त्याची गाडी. पण जिथे आज गिऱ्हाईक थोडे आहे तिथेही गाडी न्यायची, म्हणजे उद्या ते वाढेल, हे काम धंद्याचे नसते. ते राज्याचे असते.

सीमेपलीकडचे आपले खानदेशातले, मराठवाड्यातले वाचक इथे गालात हसतील, की एस.टी.चे गुण आम्हांला विचारा! विचारतोच. महाराष्ट्राची एस.टी. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर रस्त्यावर धावली आणि तिच्या नावाने बोटे मोडत का होईना, ती अजून धावते आहे. छत्रपती संभाजीनगरचा चिकलठाणा विमानतळ आणि अजिंठ्याची लेणी यांत अंतर तेच, शंभराच्या आसपास. तिथेही विमानातून उतरलेल्याला आधी मध्यवर्ती बसस्थानकावर यावे लागते, ते काही भूषणावह नाही. पण एकदा तिथे आला की जळगावकडे जाणारी लाल गाडी त्याला लेण्यांच्या फाट्यावर सोडते. फर्दापूरच्या त्या फाट्यावर खाजगी गाड्या थांबवतात आणि पुढचे चार किलोमीटर सगळ्यांना एकाच बसमधून जावे लागते. मोठ्या मोटारीतून आलेला शेठ आणि भुसावळहून डबा बांधून आलेले मास्तर शेजारी-शेजारी बसतात. लेण्यांपुढे धूर नाही, कर्णे नाहीत. बस ही गरिबाची सोय असते तशीच ती जुन्या दगडांचीही सोय असते, एवढे तरी तिथे कोणाला तरी कळले.

आणखी दूरचे पाहायचे तर अथेन्स पाहा. २००४ च्या ऑलिंपिकच्या निमित्ताने त्या शहराने मेट्रो विमानतळापर्यंत नेली. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या अक्रोपोलिसच्या टेकडीच्या पायथ्याशी आज सामान घेऊन उतरता येते. तिथल्या यजमानांनी पाहुण्याला 'गाडी करा' सांगून हात झटकले नाहीत.

* * *

आता आक्षेप. पहिला असा, की विमानाने येणारा माणूस बसने कशाला जाईल? हा आक्षेप घेणाऱ्यांच्या डोक्यात विमान म्हणजे अजून महाराजांची स्वारी आहे. आज नागपूर-पुण्याहून महिना-दोन महिने आधी तिकीट काढून निवृत्त शिक्षक येतात, नोकरी शोधणारी मुले येतात. आणि बस ही केवळ उतारूंसाठी थोडीच असते? विमानतळावर झाडलोट करणारा, सामान उचलणारा, दुकानात बसणारा माणूसही बेटम्याचा, घाटाबिल्लोदचा असू शकतो. बस जाता-येता त्यालाही घेईल.

दुसरा आक्षेप असा, की बस रिकामी धावेल. पहिले वर्षभर धावेलही. रस्ता बांधला त्या दिवशी त्यावर किती मोटारी होत्या? बसचे गिऱ्हाईक बसच्या नेमाने तयार होते. रोज त्याच वेळेला तीच गाडी येते असा विश्वास बसल्यावर लोक तिच्यावर आपला दिवस बेततात. वेळ पाळणारी गाडी चालवून पाहिलीच नाही आणि ती चालत नाही असे म्हणायचे, हा न्याय कुठला?

तिसरा आक्षेप खरा वजनदार. मांडवगड आधीच गर्दीने गुदमरतो, त्यात बसची भर कशाला? पावसाळ्यातल्या रविवारी घाटातल्या मोटारींची रांग ज्याने पाहिली आहे त्याला हे पटेल. पण गर्दी कशाची आहे? माणसांची की मोटारींची? चाळीस माणसे एका बसने आली तर एक गाडी येते. तीच गाडी करून आली तर दहा येतात. गर्दीचे औषध बसच आहे. शिवाय सकाळी येऊन जेवणापूर्वी परतणाऱ्या मोटारीतून गावाच्या पदरात काय पडते? भाडे इंदूरच्या गाडीमालकाचे, जेवण रस्त्यावरच्या ढाब्याचे. गडावर खुरासानी चिंचेची फळे विकणारी भिल्ल बाई आणि वाट दाखवणारा पोरगा यांच्या वाट्याला चिल्लर.

* * *

आतापर्यंतची फिर्याद सरकारवर होती. ती सोपी असते. आता आपल्याकडे वळू.

गाडी करून जाणारा पाहुणा धार पाहत नाही. चालक वळणरस्त्याने गाडी काढतो आणि थेट मांडवगडच्या दिल्ली दरवाजात उभी करतो. तिथे रूपमती-बाजबहादूरची कहाणी ऐकून, चार छायाचित्रे काढून मंडळी संध्याकाळी छप्पन दुकानात गरमागरम खायला हजर. मधले धार गेले कुठे? भोजराजाची धारानगरी ती. तिथे त्या काळाशी नाव जोडलेला, तीन तुकड्यांत पडलेला, मूळचा सुमारे तेरा मीटरचा लोखंडी स्तंभ आहे. भोजशाळेच्या वादात मी इथे शिरत नाही, पण धार म्हणजे तेवढा एक वाद नव्हे. सुलतानांची पहिली राजधानी धार, होशंगशाहाने ती उचलून मांडवगडावर नेली. अठराव्या शतकात मराठे आले आणि पवारांनी सत्तेचे ठाणे पुन्हा गडावरून धारेत आणले. म्हणजे हा पस्तीस किलोमीटरचा रस्ता म्हणजेच माळव्याचा इतिहास आहे, एकदा वर जाणारा आणि एकदा खाली येणारा. त्याचे एक टोक गाळले की दुसरे टोक नुसते पडके महाल उरते.

धारचा किल्ला तर मराठी माणसाने चुकवूच नये असा. राघोबादादांच्या धामधुमीत आनंदीबाईंना पवारांनी याच किल्ल्यात आसरा दिला आणि १७७५ च्या जानेवारीत इथेच दुसऱ्या बाजीरावाचा जन्म झाला. शेवटचा पेशवा पुण्यात नव्हे, माळव्यात जन्मला, हे आपल्या किती मुलांना ठाऊक आहे? मुंज तलावाच्या काठी पवारांच्या छत्र्या उभ्या आहेत. धार संस्थानातल्या लेले-ओकांनी या राज्याचा इतिहास मराठीत लिहून ठेवला. अमझेऱ्याची लढाई याच जिल्ह्यातली. २९ नोव्हेंबर १७२८ ला चिमाजीअप्पांनी तिथे गिरिधर बहादुराचा पाडाव केला आणि माळव्याचे दार उघडले. आणि आपण दर संमेलनात, दर स्नेहभोजनात काय म्हणतो? इथल्या लोकांना आपला इतिहास माहीत नाही! अहो, आपला पाहुणा आपण स्वतः त्या इतिहासाच्या दारावरून पन्नासच्या वेगाने नेतो, काच वर करून. मग दोष कोणाचा?

मराठी माणूस माळव्यात पाहुणा नाही. जवळजवळ तीनशे वर्षे झाली, घरात मराठी, अंगणात माळवी आणि कचेरीत हिंदी बोलत आपण इथे यजमान म्हणून राहिलो. यजमानाने पाहुण्याला वाट सांगायची असते. वाट नसेल तर ती मागायची असते. आपण पवार-होळकरांच्या नावाने मिरवणुका काढतो, पण त्यांच्या गावांना जोडणारी साधी बस मागायला चार मंडळी एकत्र येत नाहीत.

उदयनगरात बसून हे लिहिताना जाणवते ते वेगळेच. मांडवगड निदान प्रसिद्ध आहे. आमच्या बागली-उदयनगर भागातला कावडिया पहाड पाहायला कोण येतो? काळ्या दगडाचे घडीव वाटावेत असे लांबोडके खांब एकमेकांवर रचल्यासारखे पडलेले आहेत आणि त्यांवर आघात केला की धातूसारखा नाद निघतो. लोक म्हणतात भीमाने ते कावडीने आणून टाकले. भूशास्त्र सांगते की सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा थंड होताना असा तडकला. दख्खनच्या ज्या काळ्या खडकावर मांडवगड उभा आहे, त्याच कुळातला हा दगड. इंदूरहून अंतर मांडवगडापेक्षा कमीच. पण ज्या व्यवस्थेला जगाच्या यादीतल्या गडाला बस देता येत नाही, ती आमच्या दगडांपर्यंत कधी पोचणार? म्हणून मांडवगडची बस हा केवळ धारकरांचा प्रश्न नाही. तिथे पायंडा पडला तर त्यापाठोपाठ आमचाही नंबर लागेल. तिथे पडला नाही तर आम्ही वाटसुद्धा पाहू नये.

रेल्वेच्या आशेवर बसू नये, हेही सांगून टाकतो. इंदूर-दाहोद रेल्वेमार्गाची पायाभरणी फेब्रुवारी २००८ मध्ये झाली. त्या वर्षी जन्मलेले मूल २०२५ उजाडताना मिसरूड फुटण्याच्या वयाला आले, पण धारेत गाडी आलेली नव्हती. इंदूर-मनमाड मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. ३०९ किलोमीटर आणि अठरा हजार कोटी रुपये. धुळे-नाशिककडच्या आणि इकडच्या मराठी घरांना तो जोडील तेव्हा पेढे वाटू. पण रूळ पडायला वर्षे लागतात. बसला रस्ता लागतो, आणि तो आहे.

मग मागायचे काय? फार नाही. विमानतळाच्या दारातून रोज दोन गाड्या, एक सकाळी, एक दुपारी, धारवरून मांडवगडाला. आणि संध्याकाळी तशाच दोन परत. तिकीट असे की धारला उतरून, किल्ला पाहून त्याच तिकिटावर पुढची गाडी धरता यावी. विमानतळावर, गंगवालवर, धारला आणि गडावर वेळापत्रकाची पाटी. बस एवढेच.

आणि मागायची वेळही हीच. १ एप्रिल २०२५ रोजी राज्याच्या मंत्रिमंडळाने 'मुख्यमंत्री सुगम परिवहन सेवा' मंजूर केली. गाड्या खाजगी, पण मार्ग आणि देखरेख सरकारी कंपनीची, अशी ती योजना. म्हणजे वीस वर्षांनी का होईना, बस हे राज्याचे काम आहे असे राज्याने कागदावर कबूल केले. वरातीमागून घोडे आले तरी आले. आता त्या घोड्याला कुठे न्यायचे हे जो बोलेल त्याचे ऐकले जाईल. गाडीमालक बोलतीलच. आपण बोलणार आहोत का?

धार, देवास, इंदूरच्या प्रत्येक महाराष्ट्र मंडळाने कोजागिरी आणि गणेशोत्सवाच्या बैठकीत एक विषय वाढवावा, एक अर्ज लिहावा आणि जिल्हाधिकारी कचेरीत पोच घेऊन द्यावा. अर्ज हिंदीत लिहा, माळवी शेजाऱ्यांच्या सह्या घ्या. बेटम्याच्या नगर परिषदेला आणि लेबडच्या ग्रामपंचायतीला सोबत घ्या, कारण ही बस मराठी माणसाची नाही, रस्त्यावरच्या सगळ्यांची आहे. आणि तोपर्यंत भाच्याचा फोन आला तर त्याला गंगवालची वाट नीट समजावून सांगा. धारला स्वतः उतरवून घ्या, किल्ला दाखवा, घरी दोन घास खाऊ घाला आणि मांडवगडाच्या गाडीत बसवून द्या. जमल्यास त्याच्यासोबत तुम्हीही बसा. शेवटची गाडी केव्हा सुटते हे कळायला तेवढा एकच खात्रीचा मार्ग सध्या आहे, आणि अर्जात लिहायला ती वेळ लागेलच.